धर्मावर टीका करणाऱ्याने आणि ती ऐकणाऱ्याने

विजयादशमीच्या सुमारास नागपूर शहरात दोन विराट मेळावे भरतात. रेशीमबागेच्या मैदानावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे शस्त्रपूजन होते; आणि तेथून फार दूर नसलेल्या दीक्षाभूमीवर, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांचा पुनरुच्चार करतात. त्या प्रतिज्ञांपैकी आरंभीच्या काही प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी आणि गणपती यांना देव न मानण्याचा व त्यांची उपासना न करण्याचा निश्चय निःसंदिग्ध शब्दांत सांगितलेला आहे. एखाद्या श्रद्धावान हिंदू गृहस्थाने रस्त्याने जाता जाता त्या ऐकल्या, तर त्याच्या अंतःकरणाला काहीच वाटणार नाही असे म्हणवत नाही. तरीही दोन्ही मेळावे वर्षानुवर्षे निर्विघ्न पार पडतात, दोहोंना सरकारी बंदोबस्त असतो, आणि दुसऱ्या दिवशी शहर आपल्या कामाला लागते. याच प्रतिज्ञा २०२२ साली दिल्लीतील एका समारंभात म्हटल्या गेल्या, तेव्हा तेथे हजर असलेल्या एका मंत्र्याला अखेर पदाचा राजीनामा द्यावा लागला. नागपुरात मात्र त्या लाखो कंठांतून निघतात, आणि कोणाचे काही बिघडत नाही.

या शहराला धर्मचिकित्सेचे वावडे नाही, एवढे यावरून म्हणता येईल. परंतु सवय आणि ज्ञान यांत अंतर असते. व्याख्यानमालांचे चिटणीस, लहान नियतकालिकांचे संपादक, पदरचे पैसे घालून पुस्तक काढणारे लेखक, एकांकिका बसविणारे महाविद्यालयीन विद्यार्थी या सर्वांना आज एकच धास्ती असते, ती ही की कोणाच्या भावना दुखावल्या तर काय होईल. तितकाच दुसराही वर्ग आहे, ज्याच्या भावना खरोखर दुखावतात आणि आपण आता काय करावे हे ज्याला समजत नाही. या दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहिला आहे. कायद्याची कलमे त्यात येतील, पण वकिलाच्या सल्ल्याची जागा त्याने घ्यावी असा हेतू नाही.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही, की दुखावल्या गेलेल्या भावनेचे माप कोणत्या तराजूत घ्यावे याचा भारतभर मानला गेलेला दंडक याच शहरात घडला. सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या इमारतीत आज मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते. परंतु १९३६ पासून राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूरचे उच्च न्यायालय स्वतंत्र होते. त्या न्यायालयाचे एक न्यायाधीश व्हिव्हियन बोस, म्हणजे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू, यांच्यासमोर भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रांतिक सरकार हे प्रकरण आले. वाद मुळात राजकीय लिखाणाचा होता, धर्मनिंदेचा नव्हे. त्या निकालात बोस यांनी असे तत्त्व घालून दिले की, शब्दांचा परिणाम जोखताना विवेकी, कणखर, स्थिरबुद्धीच्या आणि धीट माणसाचे मन प्रमाण धरावे. दुबळ्या व डळमळीत मनाच्या माणसाचे, किंवा प्रत्येक विरोधी मतात ज्याला संकटाची चाहूल लागते अशा माणसाचे मन प्रमाण धरू नये.

१९४७ च्या निकालपत्रसंग्रहाच्या नागपूर भागात पहिल्याच पानावर छापलेले हे तत्त्व सरकारी कपाटात धूळ खात पडले असते तर नवल नव्हते. परंतु १९८८ च्या फेब्रुवारीत ‘तमस’ या दूरदर्शनवरील मालिकेवर बंदी घालावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली, तेव्हा त्या न्यायालयाने नागपूरचा हाच दंडक उचलून धरला आणि अर्ज फेटाळला. त्यानंतर २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर मोबाईलवरील मजकुरासाठी दाखल झालेला गुन्हा रद्द करताना, आणि २०२५ च्या मार्चमध्ये गुजरातेत एका कवितेवरून नोंदलेला गुन्हा रद्द करताना, न्या. अभय ओक यांच्या पीठाने पुन्हा त्याच वचनाचा आधार घेतला. आपल्या गावच्या न्यायाधीशाचे वचन आपल्याच गावातील फार थोड्यांना ठाऊक असावे, ही मला थोडी खेदाची बाब वाटते. फौजदाराने दूरध्वनी करून ‘तुमच्या लेखाने लोक चिडले आहेत’ असे सांगितले, तर शांतपणे स्वतःला विचारावे, की कोण चिडले आहे? कणखर मनाचा, विवेकी माणूस हा मजकूर वाचून दगड उचलेल काय? चिडणारे शेकडो असतील; कायद्याला त्यांच्या संख्येशी कर्तव्य नाही.

आता कलमांकडे वळू. भारतीय दंड संहितेचे कलम २९५-अ पुष्कळांना नावाने माहीत असते, त्याचा जन्म मात्र माहीत नसतो. १९२४ साली लाहोरात पैगंबरांविषयी एक अनिष्ट पुस्तिका निघाली. तिच्या प्रकाशकाला खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली, पण १९२७ साली लाहोरच्या उच्च न्यायालयाने, प्रचलित कलमात असे लेखन बसत नाही, म्हणून त्याला सोडून दिले. त्यावरून उसळलेल्या क्षोभामुळे त्याच वर्षी हे नवे कलम संहितेत घातले गेले, आणि तरीही १९२९ साली त्या प्रकाशकाचा खून व्हावयाचा राहिला नाही. विधेयकावरील चर्चेत महंमद अली जीनांनी दिलेला इशारा आज मुद्दाम स्मरण्याजोगा आहे: धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे आणि इतिहास लिहिणारे या कलमाच्या कचाट्यात सापडता कामा नयेत. म्हणूनच कलमात ‘बुद्धिपुरस्सर’ आणि ‘द्वेषमूलक’ असे दोन्ही शब्द एकत्र आले. योगायोग असा, की ज्या १९२७ साली हे कलम आले, त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आल्यावर २९५-अ चे कलम २९९ झाले. आशय जवळजवळ तोच राहिला. एखाद्या नागरिकवर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा बुद्धिपुरस्सर व द्वेषबुद्धीने अपमान करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. १९५७ साली रामजीलाल मोदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनासंमत ठरविले खरे, पण त्याच निकालात असेही बजावले की अजाणता, बेफिकिरीने किंवा द्वेषबुद्धीवाचून झालेला अपमान या कलमाखाली येत नाही. अपमानाचे उग्र स्वरूपच तेवढे येते. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांचे विष्णुरूपातील चित्र एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आले, तेव्हा त्यांच्यावर दाखल झालेली फिर्याद २०१७ साली याच कारणास्तव रद्द झाली.

याशी गल्लत होऊ नये अशी आणखी तीन कलमे आहेत. कलम ३०२ हे समोरासमोर उच्चारलेल्या शब्दांचे वा केलेल्या हातवाऱ्यांचे आहे, छापील मजकुराचे नाही. त्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, आणि ते अदखलपात्र असल्याने पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आज्ञेशिवाय तपास करू शकत नाहीत. कलम १९६ धर्म, वंश, भाषा इत्यादी कारणांवरून समाजगटांत वैर माजविण्याविषयी आहे. आणि कलम २९८ शब्दांचे नव्हेच. ते प्रार्थनास्थळाची वा एखाद्या समाजाला पवित्र असणाऱ्या वस्तूची नासधूस व विटंबना करण्याविषयी आहे. फिर्याद आपल्याविरुद्ध असो वा आपण देणार असू, कलम कोणते, हे प्रथम पाहावे. राज्यघटनेच्या १९ (२) अनुच्छेदात अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, सभ्यता व नीतिमत्ता आहे, अब्रुनुकसानी आहे; ‘धर्मभावना’ हा शब्द तेथे कोठेही नाही. घटनाकर्त्यांकडून तो अनवधानाने राहिला असे मानण्यास जागा नाही.

तेव्हा लिहिणाऱ्याने काय करावे? इराद्याला शिक्षा आहे, तर आपला इरादा मजकुरातून वाचता यावा, ही पहिली दक्षता. आधार कोणता, ग्रंथ कोणता, आवृत्ती कोणती, हे टीकेच्या जागीच नमूद करावे. टीका मताची, आचाराची, ग्रंथाची, संस्थेची करावी. ती मानणाऱ्या साऱ्या समाजाच्या चारित्र्यावर घसरू नये. ‘अमुक ग्रंथातील हे वचन अन्यायाचे आहे’ आणि ‘हा ग्रंथ मानणारे लोक अन्यायीच असतात’ या दोन वाक्यांमध्ये कायद्याची सीमारेषा जाते. यासाठी मुंबई उच्च न्यायालयाची दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. जेम्स लेन यांच्या शिवाजीमहाराजांवरील पुस्तकाच्या जप्तीचा सरकारी हुकूम न्यायालयाने २००७ साली रद्द केला आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कोणत्या दोन गटांत या पुस्तकाने वैर माजते, हे सरकारला दाखविता आले नाही. त्याच २०१० साली आर. व्ही. भसीन यांच्या इस्लामवरील पुस्तकाची जप्ती मात्र न्यायालयाने उचलून धरली. इस्लामवरच काय, कोणत्याही धर्मावर टीका करण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने तेथेही मान्य केले. परंतु त्या पुस्तकात टीकेच्या आडून एका समाजाविरुद्धच द्वेष पेरला आहे, असा निष्कर्ष काढला. मला व्यक्तिशः पुस्तक जप्त करणे हे क्वचितच शहाणपणाचे वाटते, कारण जप्त पुस्तक अधिक वाचले जाते. पण लेखकाला धडा घ्यावयाचा तो निकालात दिसणाऱ्या या भेदरेषेचा.

लेन प्रकरणाचा आणखी एक भाग प्रकाशकांनी लक्षात ठेवावा. काही इतिहास-अभ्यासकांनी आक्षेप घेताच प्रकाशनसंस्थेने नोव्हेंबर २००३ मध्येच पुस्तक भारतातील बाजारातून परत घेतले होते. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ग्रंथसंग्रहाची हानी झाली. आनंद यादव यांनी ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी मागे घेतली, वारकऱ्यांची क्षमा मागितली. तरीही २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना भरले. माघार घेतली की प्रसंग टळतो, हा समज अनुभवाला उतरत नाही. एखादे विधान वस्तुतः चुकीचे असेल तर ते दुरुस्त करणे हे लेखकाचे कर्तव्यच आहे. परंतु ते विधान सत्य असून केवळ कोणी धमकावतो म्हणून माघार घेणे, हे दुसऱ्या धमकीला आमंत्रण देणे होय.

माघारीहून वेगळा एक मार्ग महाराष्ट्र शासनाने स्वतःच एकदा काढला होता, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक नागपूरकर होता. वसंत मून हे नागपूरचे. शहरातील दलित वस्तीत वाढलेले, पुढे महसूल खात्यात अधिकारी झालेले, आणि ‘वस्ती’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकांना ओळखीचे. डॉ. आंबेडकरांच्या अप्रकाशित हस्तलिखितांचे संपादन करून ती शासनातर्फे छापण्याचे काम त्यांच्याकडे आले. बासनात बांधलेले, कोठे पाने गहाळ झालेले, कोठे एकाच प्रकरणाचे दोन-दोन खर्डे असलेले ते कागद ज्या धीराने त्यांनी उलगडले, त्याची कल्पना ते काम केलेल्यालाच येईल. १९८७ साली मालेचा चौथा खंड निघाला. हिंदू धर्मातील कूटप्रश्नांविषयीचे ते लेखन, आणि विशेषतः राम व कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट, यांवरून गदारोळ उठला. हा भाग वगळावा म्हणून मुंबईत शिवसेनेने मोर्चा काढला, शासन डळमळले, मग १९८८ च्या फेब्रुवारीत त्याहून मोठा मोर्चा दलित जनतेने काढला, आणि आंबेडकरांचा शब्द वगळू देणार नाही असे बजावले. अखेर तडजोड झाली ती अशी: मजकूर जसाच्या तसा राहील, मात्र त्या प्रकरणातील मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप छापली जाईल.

त्या तळटिपेची तेव्हा पुष्कळांनी टिंगल केली. राज्यघटनेच्या शिल्पकाराचे लेखन सरकारी खर्चाने छापावयाचे आणि त्याच पानावर हात झटकावयाचे, हे विचित्र दिसतेच. तथापि मला ती महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासातील एक बरी युक्ती वाटते. ग्रंथातला शब्दही ढळला नाही, असहमतीची नोंद झाली, आणि वाचकाला निवाडा करावयास मोकळीक राहिली. दिल्लीत सर्वोच्च न्यायालय ज्या महिन्यात बोस यांचा दंडक उद्धृत करीत होते, त्याच महिन्यात मुंबईत एका नागपूरकराने संपादिलेला ग्रंथ वाचविला जात होता. संपादकांना यातून उघड सल्ला मिळतो. वादग्रस्त लेख छापावयाचा असेल तर त्यातील धारदार वाक्ये गुपचूप बोथट करू नयेत. लेखकाची मते संपादकाची नाहीत हे लिहावे, प्रतिवादासाठी पुढील अंकात जागा राखून ठेवावी, आणि ती राखून ठेवली आहे हे त्याच अंकात जाहीर करावे. हस्तलिखित, दुरुस्त केलेली मुद्रिते आणि लेखकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. इराद्याचा प्रश्न न्यायालयात निघाला तर हेच कागद साक्ष देतात.

व्याख्यानांच्या संयोजकांचा प्रश्न थोडा निराळा आहे, कारण बोललेला शब्द दुरुस्त करावयास मुद्रिते नसतात. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ साली नागपुरातच स्थापन झाली, हे येथे सांगितले पाहिजे. २०२३ च्या जानेवारीत रेशीमबागेत बागेश्वर धामच्या धीरेंद्रकृष्ण शास्त्री यांची रामकथा चालू होती. त्या वेळी समितीचे संस्थापक श्याम मानव यांनी त्यांच्या दिव्यशक्तीच्या दाव्याला आव्हान दिले, दावा नियंत्रित परिस्थितीत सिद्ध केल्यास ३० लाख रुपये देऊ केले, आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांकडे तक्रारही केली. पोलिसांनी ध्वनिचित्रफिती तपासून कायद्याचा भंग आढळत नाही असा निष्कर्ष काढला. मानव यांना धमक्या आल्या, तेव्हा त्याच पोलिसांनी त्यांचे संरक्षण वाढविले. निष्कर्षाशी आपण सहमत असू वा नसू. पण मानव यांची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. त्यांनी रामाविषयी किंवा रामकथेविषयी ब्रही काढला नाही. एका व्यक्तीने केलेल्या, पारखता येण्याजोग्या दाव्याचीच परीक्षा मागितली. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर जो कायदा याच राज्यात आला, तोही देवाधर्माविरुद्ध नाही, फसवणुकीविरुद्ध आहे.

अशा सभेच्या आधी संबंधित पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. भाषणाचे अथपासून इतिपर्यंत ध्वनिमुद्रण करावे, कारण उद्या एखादे वाक्य तोडून फिरविले गेले तर मागचे-पुढचे शब्दच बचावाला येतात. ‘लोक गोंधळ घालतील म्हणून कार्यक्रम रद्द करा’ असे ठाण्यातून सुचविले गेले, तर नम्रतेने १९८९ च्या रंगराजन प्रकरणाची आठवण द्यावी. त्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे की निदर्शनांच्या व हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही, आणि विरोधी जमाव आवरण्यास आपण असमर्थ आहोत अशी सबब राज्याला सांगता येत नाही. बंदोबस्त कोणाचा करावयाचा, बोलणाऱ्याचा की दगड मारणाऱ्याचा, हे तेथे ठरलेले आहे.

आणि तरीही फिर्याद झालीच तर? घाबरून मजकूर पुसून टाकू नये. तो पुसण्याआधी पोलिसांनी जतन केलेला असतो, आणि पुसण्याने इरादा संशयास्पद दिसतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) प्रमाणे, तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत, पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करून प्रथमदर्शनी गुन्हा आहे की नाही हे पाहता येते. गुन्हा शब्दांमुळे घडल्याचा आरोप असेल तेव्हा ही चौकशी करणेच उचित, असे २०२५ च्या उपरोक्त निकालात म्हटले आहे. वकिलामार्फत तसा लेखी आग्रह धरावा. कलम ३५ (३) ची नोटीस आल्यास नेमलेल्या वेळी हजर राहावे, कारण ती पाळणाऱ्यास सहसा अटक होत नाही. कलम २९९ व १९६ च्या खटल्याची दखल शासनाच्या पूर्वसंमतीखेरीज न्यायालयास घेता येत नाही, ही गोष्ट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मध्ये आहे, आणि ती संमती कागदावर आहे की नाही हे पाहण्याचे पुष्कळदा राहून जाते. आरोपात मुळातच तथ्य नसेल तर फिर्याद रद्द करण्याचा अर्ज नागपूर खंडपीठापुढे करता येतो. यात महिने, क्वचित वर्षे जातात. ही दगदग हीच कित्येकदा खरी शिक्षा असते, हे लपविण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी हलकी मानीत नाही. ज्याच्या घरी देव्हारा आहे, ज्याच्या ओठी कलमा आहे, ज्याच्या गळ्यात क्रूस आहे, त्याच्या श्रद्धेची कोणी थट्टा केली तर त्याला होणारे दुःख खरे असते. त्याला ‘कणखर हो’ असे सांगणे सोपे आहे. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात काय झाले ते पाहावे. औरंगजेबाची कबर हटविण्याच्या मागणीसाठी महाल भागात निदर्शने झाली, त्यांत कबरीची प्रतिकृती जाळण्यात आली, आणि तिच्यावरच्या हिरव्या चादरीवर पवित्र वचने होती अशी वार्ता दुपारपासून मोबाईलवरून पसरली. संध्याकाळी महाल, चिटणीस पार्क परिसर पेटला. पोलिसांसह अनेक जखमी झाले, एक जीव गेला, आणि अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. वास्तविक निदर्शकांवर धर्मभावना दुखावल्याचा गुन्हा नोंदविला गेला होता. म्हणजे कायद्याची वाट बंद नव्हती. ज्यांनी दगड उचलले आणि ज्यांनी वार्तेची शहानिशा न करता ती पुढे धाडली, त्यांनी आपल्याच शेजाऱ्यांची दुकाने व घरे धोक्यात घातली.

दुखावलेल्या माणसाने म्हणून आधी मूळ मजकूर पाहावा, आणि तोही सबंध. चार ओळींच्या चित्रावरून, अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिफितीवरून मत बनवू नये. मग स्वतःला विचारावे, की येथे माझ्या श्रद्धेविरुद्ध मत मांडले आहे, की माझ्या समाजाविरुद्ध हात उगारण्यास कोणी सांगत आहे? दुसरी गोष्ट असेल तर जरूर फिर्याद द्यावी. मजकुराची प्रत, दिनांक, वेळ आणि स्थळ नमूद करून ती लेखी द्यावी. ठाणेदार नोंदवीत नसेल तर पोलीस आयुक्तांकडे लेखी पाठवावी आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे. पहिलीच गोष्ट असेल तर उत्तर लिहावे, सभा घ्यावी, त्या लेखकाचे पुस्तक घेऊ नये, शांततेने निषेध करावा. हे मार्ग दुबळ्यांचे नाहीत. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद करीत, तेव्हा हिंदू धर्मावरील कठोर आक्षेपांना त्यांनी भर सभेत तितक्याच कठोर प्रतिप्रश्नांनी उत्तर दिले, आणि दोन्ही पक्षांचे श्रोते ऐकून घरी गेले. वऱ्हाडातल्याच गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांत देवापुढच्या नवसांची आणि पशुबळींची इतकी रेवडी उडविली, की तेच शब्द आज एखाद्या वक्त्याने उच्चारले तर चार ठाण्यांत तक्रारी होतील. ऐकणारे मात्र पंढरीचेच वारकरी असत. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकाविरुद्ध मूठभर मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा त्यांच्याही समाजातील पुष्कळांच्या भावना दुखावल्या होत्या.

दुखावल्याचा दावा करणारा संघटनेच्या नावाने येतो तेव्हा संपादकाने वा संयोजकाने त्याच्याकडून एकच गोष्ट मागावी: आक्षेपार्ह वाक्य कोणते, ते लेखी द्या. निम्मे आक्षेप या एका विनंतीने विरघळतात. उरलेल्यांचे उत्तर लेखीच द्यावे, आणि पत्र छापण्याजोगे असेल तर ते काटछाट न करता छापावे.

राहता राहिली जप्तीची बाब, जी सामान्य प्रकाशकावर फारशी येत नाही, पण आली तर मुदतीमुळे घात करते. राज्य शासनाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली एखादे पुस्तक, वृत्तपत्र वा दस्तऐवज अधिसूचना काढून जप्त करता येतो. त्या अधिसूचनेत आपल्या मताची कारणे देणे शासनावर बंधनकारक आहे, आणि केवळ कलमाची भाषा उतरवून काढलेल्या अधिसूचना न्यायालयांनी यापूर्वी रद्द केल्या आहेत. अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत, लेखकालाच नव्हे तर त्या पुस्तकात हितसंबंध असणाऱ्या कोणालाही, कलम ९९ खाली उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, आणि तो तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे चालतो. अर्जासोबत राजपत्राची प्रत, पुस्तकाची सबंध प्रत, आणि ज्या उताऱ्यांवर आक्षेप आहे ते उतारे मागच्यापुढच्या परिच्छेदांसह जोडावेत. मराठी पुस्तक असेल तर भाषांतर स्वतः नीट तपासून घ्यावे, कारण न्यायाधीश प्रायः भाषांतरच वाचतात.